शब्दाचं वय

जुन्या इंग्रजी कवितांचा अनुवाद करताना 'व्हायलम' या क्रियाविशेषणापाशी मी हमखास थांबतो. आज ते बोलण्यातून पार गेलं आहे. अर्थ तसा सोपा, 'पूर्वी', 'एके काळी'. अडचण अर्थाची नाही, वयाची आहे.

प्राचीन इंग्रजीत 'ह्वील' म्हणजे वेळ. आजचा 'व्हाइल' तोच. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ह्वीलुम', आणि त्याचा अर्थ 'वेळोवेळी', 'कधीकधी'. पुढे तो 'मागे कधीतरी' असा सरकला. इंग्रजीतल्या विभक्ती झिजून गेल्या, पण हा प्रत्यय शब्दाला चिकटून राहिला. आपल्या 'कोणे एके काळी'मध्ये, 'दिवसा'मध्ये सप्तमी अशीच मुरलेली आहे. 'सेल्डम' म्हणजे 'क्वचित' हा मूळचा 'सेल्डन'. 'ह्वीलुम'च्या वळणावर जाऊन त्याचाही शेवट बदलला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला आणि इथे चक्क वाणही लागला! गंमत अशी की ढवळ्या गेला, पवळ्या अजून रोजच्या वापरात आहे.

चौसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली सरदाराची गोष्ट याच शब्दाने सुरू होते. काळ चौदाव्या शतकाची अखेर. गोष्टीची ती तेव्हाची सरधोपट सुरुवात होती, ऐकणाऱ्याला त्यात जुनं काही वाटत नसे. स्पेन्सरने 1590 साली 'फेअरी क्वीन'च्या पहिल्याच ओळीत तो वापरला, तोवर शब्दावर धूळ बसली होती. स्पेन्सरला ती धूळच हवी होती. चौसरचा वारसा त्याला मिरवायचा होता. त्याच्या या जुनेपणाच्या हौसेवर बेन जॉन्सनने पुढे सडकून टीका केली.

म्हणून चौसरसाठी मी निमूटपणे 'एके काळी' लिहितो. तिथे भारदस्त शब्द घातला, तर गोष्टीवेल्हाळ माणसाला उगाच पगडी चढवल्यासारखं होईल. स्पेन्सरसाठी मात्र ज्ञानेश्वरीतलं 'मागां' काढतो. वाचक तिथे क्षणभर अडखळतो. अडखळू द्यावं, स्पेन्सरचा वाचकही अडखळत असणार.

शब्द आपल्याला किती जुना वाटतो, याला अनुवादात फारशी किंमत नाही. लेखकाने तो उचलला त्या दिवशी तो किती जुना होता, हे पाहायचं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली सनावळीसह उदाहरणं दिलेली असतात. नव्या अनुवादकांनी अर्थावर थांबू नये, ती सालंही वाचावीत.