साक्षीदाराची मुद्रा

देवळाच्या उत्सवातील नाटकांवर वाढलेल्या माणसाला अभिनयाची एक व्याख्या फार लवकर शिकवली जाते. शेवटच्या रांगेतील म्हातारीला शब्द ऐकू आला पाहिजे आणि दीपस्तंभापाशी उभ्या असलेल्याला हात दिसला पाहिजे. अंत्रुज महालात ही व्याख्या आजही ग्राह्य धरली जाते, आणि तिचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु वकिलीत वर्षे जाऊ लागली तशी माझी रुची दुसऱ्या टोकाकडे झुकत गेली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 280 वे कलम होते. साक्ष नोंदवताना साक्षीदाराची मुद्रा, त्याचे वागणे यांविषयी न्यायाधीशाला महत्त्वाचे वाटेल ते त्याने टिपून ठेवावे, असा त्याचा आशय. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. प्रत्यक्षात असे टिपण क्वचितच केले जाते. शब्द तेवढे कागदावर उतरतात, आणि ते उच्चारताना माणूस खिडकीबाहेर पाहत होता की जमिनीकडे, हे अपिलात कोणालाच कळत नाही. ही उणीव भरून काढायला मी चित्रपटगृहात जातो, असे म्हटले तरी चालेल.

प्रत्येक वर्षाअखेर आवडलेल्या भूमिकांची नोंद करण्याचा मला छंद आहे. त्या वहीत सर्वांत भरलेले पान 2015 चे आहे, आणि ते उघडते ‘कोर्ट’ या चित्रपटाने. चैतन्य ताम्हाणे यांचे हे पहिलेच पूर्ण लांबीचे चित्र. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात ते गौरवले गेले, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवून आले आणि एप्रिल 2015 मध्ये चित्रपटगृहांत लागले. कथा दोन ओळींत सांगता येते. नारायण कांबळे या वृद्ध शाहिरावर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. शाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले. ते स्वतः चळवळीतले, नागपूरचे. एप्रिल 2021 मध्ये करोनाने त्यांना नेले. गाताना त्यांचे अंग पेटते, पण पिंजऱ्यात उभे राहिल्यावर प्रश्नांना ते अशा स्वरात उत्तरे देतात की जणू कोणी त्यांना पत्ता विचारीत आहे. राग नाही, भय नाही, हौतात्म्याचा आव तर मुळीच नाही. आरोपी असे वागतात तेव्हा नवखा वकील अस्वस्थ होतो. जुना वकील ओळखतो की या माणसाला शिक्षेची नव्हे, तारखांची सवय झाली आहे.

तथापि माझ्या मते त्या चित्रातील सर्वांत कठीण काम गीतांजली कुलकर्णी यांचे आहे. त्यांची सरकारी वकील कायद्याची लांबलचक कलमे इंग्रजीतून एका दमात, एका सुरात वाचून दाखवते. त्या वाचनात द्वेष नाही. बाई दुष्ट असती तर प्रेक्षकाची सोय झाली असती. ती लोकलने घरी जाते, मुलाला घेऊन येते, स्वयंपाक करते, वाढते, आणि सकाळी पुन्हा त्याच सुरात एका माणसाचे स्वातंत्र्य मागायला उभी राहते. या दोन कामांत तिला काही अंतर जाणवत नाही, हे कुलकर्णी यांनी एकही भुवई न उचलता दाखवले. अशा व्यक्ती मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासमवेत चहाही घेतला आहे. म्हणून ते काम पाहताना मला हसू आले नाही, शेजारचे प्रेक्षक हसत असूनही.

आणि त्या मृत कामगाराची विधवा! उषा बाणे ही भूमिका करतात. साक्ष देताना त्या सांगतात की नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत श्वास घेता येईल असे समजे. हे वाक्य त्या अशा निर्विकारपणे बोलतात की ते वाक्य आहे हेही क्षणभर लक्षात येत नाही. लगेच न्यायाधीश (प्रदीप जोशी यांनी तोही अगदी ओळखीचा करून ठेवला आहे) तिचे म्हणणे इंग्रजीत लघुलेखकाला सांगू लागतो. मराठीतले झुरळ इंग्रजी कागदावर जाताना वाटेत काय काय सांडते, ते त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसते. तिला इंग्रजी येत नाही. ती नुसती उभी राहते.

त्याच वर्षी जुलैमध्ये नीरज घेवान यांचा ‘मसान’ आला. योगायोग असा की त्याच्याही मुळाशी तोच आरोप आहे, आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. भारतीय दंड संहितेचे ते 306 वे कलम, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे. आता न्याय संहितेत 108 वे. ‘कोर्ट’मध्ये हे कलम न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळते. काशीत ते न्यायालयाच्या पायरीवरही चढत नाही. पोलीस अधिकारी त्याचे नुसते नाव घेतो आणि मुलीच्या बापाकडे तीन लाख रुपये मागतो. कलम वापरले जाण्यापेक्षा न वापरता दाखवले जाण्याने किती घरे मोडली असतील, याचा हिशोब कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. पक्षकार तो माझ्यासमोर खुर्चीत बसून, आवाज खाली आणून सांगतात.

बापाचे काम संजय मिश्रा यांचे. विद्याधर पाठक, संस्कृतचे जुने अध्यापक, घाटावर पूजासाहित्याचे दुकान चालवणारे. आपल्या वाचकांना हा गृहस्थ परका वाटणार नाही. प्रत्येक देवळाच्या आवारात असा एकजण असतो, ज्याचा उच्चार शुद्ध असतो आणि खिसा रिकामा. मिश्रा यांना आपण बहुधा विनोदी भूमिकांतून ओळखतो. येथे त्यांनी खांदे एवढेसे खाली सोडले, आणि माणूस बदलला. पैशासाठी ते अखेर दुकानातल्या पोराला, झोंट्याला, गंगेतील नाणी काढण्याच्या पैजेत उतरू देतात. आधी नकार, मग मौन, मग होकार. त्या मौनात एका विद्वान ब्राह्मणाची सारी प्रतिष्ठा बुडते, आणि मिश्रा ते पाण्याकडे पाहत पाहत करतात. विकी कौशलने डोमाच्या घरचा मुलगा केला तोही सुंदर; नवखा नट इतका कमी अभिनय करण्याचे धाडस सहसा करीत नाही.

नोव्हेंबरमध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आला, तेव्हा आमच्याकडे जुने लोक भांडण्याच्या तयारीनेच गेले. 1967 चे दारव्हेकरांचे नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, म्हणजे मंगेशीचे; खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. यात बदल करणारा सुबोध भावे कोण, असा सूर होता. राजगायकाला कट्यारीबरोबर एक खून माफ करणाऱ्या त्या संस्थानच्या न्यायपद्धतीविषयी मी काही बोलत नाही. मला त्यात दिसले ते निराळेच. सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले ते मुख्यतः राहुल देशपांडे यांच्या, म्हणजे वसंतरावांच्या नातवाच्या, गळ्यावर. उलट शंकर महादेवन, ज्यांचा गळा देशभर ठाऊक आहे, ते आवाज गमावलेल्या पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत. उसन्या आवाजावर सचिन यांनी मत्सर उभा केला, मान आणि बोटे यांच्या आधाराने. क्वचित तो थोडा जास्तही झाला. महादेवन यांनी मौन सांभाळले, तेही अभिनयाच्या पहिल्याच खेपेला. रंगमंचावर स्वतः गाणाऱ्यालाच नट म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना यातले पहिले पटले नाही. दुसऱ्यापुढे ती गप्प बसली.

‘किल्ला’तली अमृता सुभाष आणि पार्थ भालेराव यांचा बंड्या यांच्यासाठी स्वतंत्र लेख हवा. ‘पिकू’तले इरफान यांचे ऐकणे मी मुद्दाम दोनदा पाहिले; बोलणे नव्हे, ऐकणे.

मुदतीच्या कायद्याने दोन नावे बाहेर राहिली. कोंकणी ‘नाचोंया कुंपासार’ 2014 सालातले, म्हणून गोमंतकाबाहेरून येऊन कोंकणी शिकलेल्या पालोमी घोष मागच्या पानावर गेल्या. आणि ‘नटसम्राट’ लागला तो 1 जानेवारी 2016 रोजी, एका दिवसाने मुदतबाह्य. नाना पाटेकरांविषयी उदंड लिहिले गेले आहे. मला आठवतात ते विक्रम गोखले, रुग्णालयातल्या खाटेवरचे. नोव्हेंबर 2022 मध्ये ते गेले. विलंब माफीचा अर्ज कोणी केला नाही, पण त्यांचे नाव मी 2015 च्या पानाच्या समासात, पेन्सिलीने, लिहून ठेवले आहे.