लेकीच्या मुंबईत दोन दिवस

वाचकहो, नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्या लेकीकडे किंवा नातीकडे दोन दिवस जाऊन यावे, ही इच्छा आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. परंतु प्रवासाची दगदग, दुखरे गुडघे, औषधांच्या वेळा, जिन्याच्या पायऱ्या असे नाना अडथळे समोर येतात आणि बेत पुढच्या महिन्यावर जातो. आमचाही बेत असाच वर्षभर पुढे सरकत होता. अखेर मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री मी आणि माझ्या ७९ वर्षांच्या सासूबाई कराडच्या स्थानकावर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट पाहत बसलो होतो.

मुंबई सासूबाईंना परकी नव्हती. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे त्यांनी परळच्या एका चाळीत काढली होती. सासरे तेव्हा लालबागच्या गिरणीत कामाला होते. आठवड्याची सुट्टी मिळाली की दोघे राणीच्या बागेत जात. पुढे ते दोघे गावी परतले, सासरेही गेले. पण ती बाग पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी एक गोष्ट त्या अधूनमधून बोलून दाखवीत. एरवी त्या स्वतःसाठी काही मागत नाहीत.

मी गेली २८ वर्षे दवाखाना चालवते. तेव्हा तयारीत काही उणे ठेवायचे नाही, असा माझा निर्धार होता. दोघींना खालचे बर्थ मिळतील अशा बेताने आरक्षण केले. औषधांचा एक संच हातातल्या पिशवीत आणि दुसरा बॅगेत ठेवला, कारण एक पिशवी हरवली तरी गोळी चुकू नये. औषधांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेतले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, काठी, ओआरएसची पाकिटे, सगळे बरोबर घेतले. रात्रीची गोळी मी माझ्या हाताने दिली. सासूबाईंनी ती एका घोटाबरोबर घेतली आणि त्या आडव्या झाल्या. ‘किती शहाण्यासारखा प्रवास करतात’ असे माझ्या मनात आले. तो एकच घोट मला तेव्हा खटकला नाही.

माटुंग्याचे रुंद रस्ते

सकाळी दादरला लेक न्यायला आली होती. ती माटुंग्याच्या पूर्व भागात एका जुन्या इमारतीत मैत्रिणीबरोबर राहते. पहिला मजला, अठरा पायऱ्या, लिफ्ट नाही. सासूबाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून, न थांबता वर गेल्या. ‘आजी, दमलीस का?’ या प्रश्नाला ‘छे गं!’ एवढेच उत्तर होते.

माटुंग्याचे रस्ते डेरेदार झाडांच्या सावलीतले आहेत. इमारतींची उंची बेताची, मध्ये मोकळ्या जागा आणि जवळच ‘फाइव्ह गार्डन्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागा. या मोकळेपणामागे एका साथीचा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत तिने थैमान घातले. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याच्या या वसाहती आखल्या गेल्या. हवा खेळावी, ऊन घरात यावे, हा त्यातला मूळ विचार. त्याच साथीत भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. लेकीच्या खिडकीत उभी राहून मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगत होते. लेकीने आजीपुढे चहा ठेवला. आजीने अर्धा कप घेऊन तो हळूच बाजूला सारला. पाण्याच्या पेल्याला हातही लावला नाही. सकाळची रक्तदाबाची गोळी मात्र मी आठवणीने दिली.

राणीची बाग

साडेदहाच्या सुमारास टॅक्सीने आम्ही निघालो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने परळ, लालबाग मागे टाकत टॅक्सी भायखळ्याकडे चालली होती. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहून त्या काही बोलल्या नाहीत. एका ठिकाणी मात्र बोट दाखवून म्हणाल्या, ‘इथून आम्ही चालत यायचो. ट्रामचे पैसे वाचवायचे आणि बागेत शेंगा घ्यायच्या.’

१८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून सुरू झालेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी मात्र ती राणीची बागच आहे. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना हे नाव विशेष जवळचे. गोव्यातल्या मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर होते. गरिबांवर त्यांनी विनामूल्य उपचार केले आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग खर्च केला.

संग्रहालयाच्या शेजारी तो प्रसिद्ध दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. हत्ती दिसताच सासूबाईंचा चेहरा उजळला. ‘इथंच बसायचो आम्ही,’ त्या म्हणाल्या. जवळच्या बाकावर आम्ही तिघी टेकलो. बराच वेळ त्या जुन्या गोष्टी सांगत होत्या. ऊन चढले होते आणि हवेत मुंबईचा दमटपणा होता.

‘चला, आत जाऊ,’ असे म्हणून त्या उठल्या, दोन पावले चालल्या आणि डोलल्या. लेकीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरले म्हणून त्या पडल्या नाहीत. त्यांना बाकावर आडवे केले, पाय उंच ठेवले. नाडी जलद होती, ओठ कोरडे पडले होते. शुद्ध गेली नव्हती, बोलणे स्पष्ट होते, छातीत दुखत नव्हते. यंत्राने रक्तदाब मोजला, तो १०४/६२ भरला. एरवी त्यांचा वरचा आकडा १३०च्या आसपास असतो.

माझ्या मनात हृदयापासून मेंदूपर्यंतची सारी कारणे धावत असताना लेक शांतपणे म्हणाली, ‘आई, आजीची पाण्याची बाटली बघ.’ घरून निघताना तिने भरून दिलेली बाटली काठोकाठ तशीच होती.

‘तुला किती वेळा उठवू?’

थोडे पाणी घोटाघोटाने पोटात गेल्यावर सासूबाई बोलल्या. आदल्या दुपारपासूनच त्यांनी पाणी तोडले होते. ‘गाडीत रात्री उठायचं, डब्याच्या टोकापर्यंत हलत्या गाडीतून जायचं. दिवसभर दवाखाना करून आलेलीस तू. तुला किती वेळा उठवू? आणि इथं पोरीच्या घरात दुसरी मुलगी राहते, सारखं न्हाणीघर कसं अडवायचं? बागेत तर कुठं सोय असते ते ठाऊकच नाही.’

मी काय बोलणार? त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे. ती गोळी मी दोन्ही वेळा स्वतः दिली होती. एकीकडे शरीरातले पाणी बाहेर टाकणारे औषध आणि दुसरीकडे पाणी बंद. त्यात मार्चचा घाम. गोळ्या मी मोजल्या होत्या. पाणी मोजले नव्हते. ‘प्रवासात लघवीची काय सोय?’ हा प्रश्न मी माझ्या रुग्णांनाही क्वचितच विचारला असेल. घरच्या माणसाला तर विचारलाच नव्हता.

वाचकहो, हे केवळ माझ्या सासूबाईंचे नाही. प्रवासाला निघताना पाणी तोडणारे, किंवा लघवीची गोळी कोणालाही न सांगता वगळणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत. संकोच आणि इतरांना त्रास न देण्याची सवय, ही त्यामागची कारणे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. म्हणून ‘तहान लागली नाही’ यावर विसंबता येत नाही. पाणी कमी पडले की बसल्यावरून उठताना रक्तदाब एकदम उतरतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर तो घसरणे लक्षणीय मानतात. अशा वेळी पडून खुब्याचे हाड मोडले, तर दोन दिवसांची सहल सहा महिन्यांचे अंथरूण होऊन बसते.

अशी भोवळ आली तर माणसाला लगेच उभे करण्याची घाई करू नये. आडवे करून पाय उंच ठेवावेत. पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोटाघोटाने पाणी द्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट त्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळावे. चिमूटभर पूड पेल्यात टाकून प्रमाण बिघडवू नये. मधुमेह असेल तर रक्तातली साखर तपासावी. शुद्ध गेली, छातीत दुखले, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी वाटली, डोक्याला मार लागला किंवा पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर थांबू नये, रुग्णालय गाठावे.

सासूबाई अर्ध्या तासात उठून बसल्या. लेकीने तिकीट खिडकीवर स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घेतले. ते आम्ही बसलो होतो तिथून दूरही नव्हते. विचारायला एक मिनिट लागले असते. बागेत जुन्या मुंबईतल्या दगडी पाणपोया आहेत. तिथे त्यांना प्याऊ म्हणत आणि वाटसरूंसाठी दानशूर लोक त्या बांधून देत. त्यातली एक पाहून सासूबाई लेकीला म्हणाल्या, ‘तुझे आजोबा इथं ओंजळीनं पाणी प्यायचे.’ मग स्वतःच बाटली तोंडाला लावली. संग्रहालय आम्ही त्या दिवशी पाहिले नाही. थेट घरी आलो.

उरलेला बेत

लेकीने दोन दिवसांसाठी लांबलचक यादी केली होती. गेटवे, मरीन ड्राइव्ह, संध्याकाळी नाटक. दुपारी आजी झोपल्यावर तिने ती यादी घडी करून ठेवली. तिला वाईट वाटले नसेल असे नाही. मी काही म्हणण्याआधी तीच म्हणाली, ‘आजीला मुंबई दाखवायची होती मला. पण आजी भेटली तरी पुष्कळ झालं.’ मग तिने न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी रात्रीचा दिवा लावला, आत एक पक्की खुर्ची ठेवली आणि मैत्रिणीला सांगून टाकले की दोन दिवस आजीचा हक्क पहिला. मैत्रीण हसली आणि म्हणाली, ‘आजी, माझी आजीपण अशीच लाजायची.’ एवढ्या एका वाक्याने सासूबाईंचा अर्धा संकोच गळाला.

संध्याकाळी आम्ही फाइव्ह गार्डन्समध्ये जाऊन बसलो. रविवारी सकाळी स्थानकाजवळच्या उडुपी उपाहारगृहात इडली खाल्ली, फुलबाजारातून मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि बाकीचा दिवस आजी-नातीने खिडकीत बसून काढला. सासऱ्यांविषयी, चाळीतल्या दिवसांविषयी त्या जे बोलल्या, ते २८ वर्षे एका घरात राहून मीही कधी ऐकले नव्हते.

तुम्ही स्वतः ज्येष्ठ असाल, तर माझी एक विनंती आहे. निघण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: मला दर दोन तासांनी स्वच्छतागृह लागेल आणि रात्री मी तुम्हाला उठवणार आहे. आणि तुम्ही काळजी घेणारे असाल, तर हे त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. आरक्षण करताना दाराजवळचे खालचे बर्थ मागा. गोळीबरोबर पूर्ण पेलाभर पाणी जाते का, हे डोळ्यांनी पाहा. बाटली किती रिकामी झाली तेही दिवसातून दोनदा पाहा. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. स्वतः बंद करू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी ठरवून दिले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. पण तेवढे तरी पूर्ण प्यावे.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत सासूबाईंनी गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेतली. मी म्हटले, ‘आई, उठवाल ना?’ त्या नुसत्या हसल्या. लोणावळ्याच्या आसपास माझ्या खांद्यावर हात पडला. ‘अगं, उठतेस का?’ पुणे गेल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आम्ही दोघी एकमेकींना धरून हलत्या डब्यातून सावकाश गेलो आणि आलो. पहाटे कराडला उतरलो तेव्हा माझी झोप मोडलेली होती आणि सासूबाईंची चाल ठीक होती. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, ‘हत्ती बघितला. आता दिवाळीनंतर ते म्युझियम बघू.’

तिकिटे काढायची आहेत. दाराजवळचे बर्थ मिळाले तर बरे.