साकाईची धार, ओसाकाचा ठेका

ओसाकाला खेटून साकाई नावाचं शहर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आली. पुढे तिची पानं बारीक कातरायच्या सुऱ्यांसाठी साकाईचे कारागीर नावाजले, आणि आजही जपानी आचाऱ्यांच्या हातातल्या पुष्कळ उत्तम सुऱ्या तिथून येतात. त्याच ओसाकात 1972 साली इकुतारो काकेहाशी यांनी रोलंड ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची कंपनी काढली. घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस. माझ्या ओट्यावर साकाईची देबा असते, आणि आतल्या खोलीत रोलंडच्या टीबी-303 या बेस-सिंथेसायझरचा नवा, छोटा अवतार. ही दोन वेगळी वेडं आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

देबा म्हणजे मासे साफ करायची जाड पाठीची सुरी. साकाईत अशी सुरी एकट्या माणसाच्या हातून होत नाही. एक जण ठोकून घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. मूठ हलक्या लाकडाची, तिच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं. पातं मऊ लोखंडाचं, आणि त्याला तापवून-ठोकून सांधलेली शिरोगामी जातीच्या कडक पोलादाची पट्टी. या पोलादात जेमतेम एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, बाकी भेसळ जवळजवळ नाहीच. म्हणून ते गंजतं लवकर. लिंबू चिरून पाच मिनिटं तसंच ठेवलं की डाग पडतो. पण त्याला येते तशी धार स्टेनलेसला मी अजून तरी पाहिलेली नाही.

धार लावताना मी रेडिओ, फोन सगळं बंद ठेवते, कारण हे काम कानानं करायचं आहे. 1000 नंबरचा दगड पाण्यात मुरला की देबाची उतरती बाजू त्यावर सपाट टेकवायची. डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, अगदी धारेजवळ, आणि जिथं बोटं तिथंच घासलं जातं. बोटं वर मऊ लोखंडाकडे सरकली की आवाज भरड, खालच्या पट्टीचा येतो. धारेकडे, पोलादावर आली की तो बारीक आणि कोरडा होतो. दगडावर राखाडी चिखल साचतो, तो धुऊन टाकायचा नाही. त्यातल्या सुट्या कणांमुळेच लोखंडावर धूसर झाक चढते. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं अंगठा आडवा फिरवला की धारेवर एक खरखरीत, केसाएवढी कडा लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली म्हणजे या बाजूचं काम झालं. मग सुरी उलटायची. मागची बाजू मुद्दाम पोखरलेली असते, त्यामुळे फक्त काठच दगडाला टेकतात. इथं दोन-चार हलके हात पुरतात. जास्त घासलं तर तो पोखरलेला भाग पुढच्या वर्षांसाठी उरत नाही.

पोलाद कुठून तरी आणून धारेवर चढवता येत नाही. आहे त्यातलंच काढायचं असतं. 303 पुढे बसल्यावर मी नेमकं हेच करते. त्यात एकच ऑसिलेटर आहे, करवती नाहीतर चौकोनी लहर देणारा. करवती लहरीत मूळ स्वराबरोबर त्याचे सगळे वरचे स्वरांश ठासून भरलेले असतात. ऐकायला ती कर्कश, भगभगीत. कट-ऑफची कळ फिरवली की फिल्टर वरचे अंश कापत खाली येतो, आणि रेझोनन्स वाढवला की जिथं कापलं त्या काठावरचा आवाज उचलला जातो. कळ अर्धा केस हलली तरी तो काठ हलतो, आणि सुराचं तोंडच बदलतं.

रोलंडच्या तादाओ किकुमोतो यांनी हे यंत्र रचलं ते एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. बेस म्हणून ते कोणाला पटलं नाही, 1984 पर्यंत उत्पादन बंद झालं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या यंत्रावर शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी कळा मनसोक्त पिळल्या, आणि 1987 साली अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीतातलं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी 303, रोलंडचंच 808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची तबकडी केली होती. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेला हा वादक. तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. 2010 च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभर तिचा गवगवा झाला. ‘अ‍ॅसिडचा शोध भारतात लागला’ ही भाषा मला पटत नाही. त्यांना ललत आणि मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर बसवायचे होते, तेवढंच, आणि ते मोठंच काम होतं. 303 मधला स्लाइड ठरावीक वेळातच एका सुरावरून दुसऱ्यावर जातो. त्याला मींड म्हणता येणार नाही, कारण मींड मध्येच रेंगाळू शकते. म्हणून रागाची चाल ज्युपिटरवर, आणि 303 खाली एकसुरी धावतं. यंत्राची मर्यादा ओळखून केलेली ही वाटणी ऐकताना मला फार आनंद होतो.

किती काढायचं, याला मात्र मोजमाप नाही. 6000 च्या दगडावर पातं आरशासारखं होतं, पण तीच सुरी पिकल्या टोमॅटोच्या सालीवरून घसरते. 1000 वर थांबलेली धार सालीत लगेच रुतते. मासा कापताना उलट, गुळगुळीत धार हवी. काकेहाशी यांनी 808 साठी सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले, त्यांतून येणाऱ्या चरचरीसाठी. दुसऱ्या कुणी तो दोष गाळून टाकला असता.

हल्ली मी दगडाखाली कॉन्टॅक्ट मायक्रोफोन चिकटवते. घासण्याचा आवाज म्हणजे रुंद, सपाट नॉइज. त्यातला खालचा भाग कापून लांबी आखूड केली की उत्तम शेकर मिळतो, आणि तो 303 च्या करवतीवर छान बसतो. देबाचे आवाज साठवून झालेत, पण देबाचं पातं लहान, त्यामुळे एका ओढीचा आवाज आखूड पडतो. एका मैत्रिणीची 270 मिलिमीटरची यानागिबा, म्हणजे माशाचे पातळ काप काढायची लांब सुरी, धारेला आली आहे. एवढ्या लांब पात्यावर एका ओढीत आवाज मुठीपासून टोकापर्यंत बदलत जायला हवा, आणि तो न कापता, अख्खाच्या अख्खा गाण्यात ठेवायचा माझा विचार आहे.