जळकोटच्या रस्त्यावरचा डाव

#थ्रेड
नववी-दहावीच्या मुलांना गेम थिअरी शिकवायची म्हटली, की पुस्तके हमखास दोन कैद्यांची गोष्ट सांगतात. आमच्या भागातील मुलांपुढे ती मला नेहमी परकी वाटत आली आहे. म्हणून जळकोटच्या मुलांपुढे मी त्यांच्याच गावावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता मांडतो. (हे तुळजापूर तालुक्यातील जळकोट, लातूर जिल्ह्यातील निराळे.)

आधी खेळ. दोघांपाशी बारा-बारा चिंचोके आणि समोर तीन रस्ते. प्रत्येकाने आपले चिंचोके रस्त्यांवर गुपचूप वाटायचे. ज्याचे चिंचोके अधिक, त्याचा तो रस्ता. दोन रस्ते जिंकेल तो विजयी. शहाणी मुले ४-४-४ अशी समान वाटणी करतात. त्यांना ५-५-२ मांडणारा हरवतो. त्याला ६-३-३ मांडणारा हरवतो. आणि या तिसऱ्याला पुन्हा ४-४-४ हरवते! करून पाहा.

म्हणजे कायमची श्रेष्ठ अशी एकही मांडणी येथे नाही. प्रतिस्पर्धी काय करील यावर आपले शहाणपण अवलंबून, आणि त्याचे आपल्यावर. गेम थिअरीचा गाभा हाच. अशा खेळांचा विचार फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ साली मांडला. एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी, अशा दोघांच्या डावात चाली नशिबावर सोपवून मिसळण्याची एक सर्वोत्तम रीत असते, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केले.

आता १९४८. हैदराबाद संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेले. सेनापती एल एद्रूस यांच्यापाशी चिंचोके थोडे, रस्ते पुष्कळ. भारतीय फौजांची मुख्य चढाई सोलापूरकडून, दुसरी बेजवाड्याकडून, शिवाय इतर दिशांनी लहान तुकड्या. १३ सप्टेंबरच्या पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल भारतीय फौजेने शाबूत ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल जळकोटात होते, दुपारी उमरग्यात. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली.

परंतु मला या चार-पाच दिवसांहून आधीचे वर्ष अधिक मोलाचे वाटते. सोलापूरचा रस्ता काही गुपित नव्हता. खरा प्रश्न होता, दिल्ली खरोखर फौज पाठवील काय? २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. निजामाला वेळ हवा होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. माझ्या मते, काही न घडता सरलेल्या प्रत्येक महिन्याने हैदराबादच्या नजरेत दिल्लीच्या इशाऱ्याची किंमत उतरत गेली. इशाऱ्याचे वजन तो देणाऱ्याच्या बळापेक्षा ऐकणाऱ्याच्या विश्वासावर ठरते. थॉमस शेलिंग यांनी १९६० साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याच्या बांधावरची भांडणे पाहिलेल्या मुलांना मात्र ते चटकन उमगते.

एकदा एका मुलीने विचारले, ‘‘सर, गावातली माणसे कोणाचे चिंचोके?’’

गेम थिअरीच्या पुस्तकी कोष्टकात दोन खेळाडू असतात. रझाकारांनी ज्यांची घरे लुटली, जाळली, ते त्यात नसतात. कारवाईच्या वेळी आणि नंतर सूडापोटी मारले गेलेले मुसलमान शेजारीही नसतात. पं. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. विजयाची तारीख दरवर्षी साजरी करणाऱ्यांनी हा आकडाही ठाऊक करून घ्यावा, असे मला वाटते.

तेव्हापासून मी कोष्टकात तिसरा रकाना आखायला लावतो : ‘रस्त्याकडेची गावे’. त्यात काय भरायचे, ते मुले घरातल्या जाणत्यांना विचारून येतात.