लाल वर्तुळातल्या तारखा

आमच्या वरणगावच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दिनदर्शिका टांगलेली असे. तिच्यावरील एकादश्या आणि चतुर्थ्या आईच्या, तर लाल शाईची वर्तुळे अप्पांची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘बँक, १५एच’, ३१ जुलैला ‘विवरणपत्र’, नोव्हेंबरात ‘हयातीचा दाखला’. आई गमतीने म्हणे, ‘यांचे सण सरकार ठरवते.’

अप्पा १९६६ साली येथील आयुध निर्माणीत, म्हणजे आम्हा गावकऱ्यांच्या ‘फॅक्टरी’त, लेखा विभागात कारकून म्हणून लागले आणि २००२ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर गल्लीतील अनेक सहकाऱ्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे तेच भरून देत. आधी कागदावर, नंतर नातीला संगणकापुढे बसवून. कोणाला किती व्याज मिळाले, बँकेने किती कर कापला, हे त्यांना तोंडपाठ असे.

२०२२ साली ते ऐंशी वर्षांचे झाले. त्या वर्षी बँकेने त्यांच्या ठेवींच्या व्याजातून कर कापला, कारण १५एच अर्ज दिलेलाच नव्हता. ३१ जुलैची मुदतही टळली. ते विवरणपत्र आम्ही डिसेंबरात, उशिराने भरण्याची ३१ तारखेची शेवटची मुदत संपण्याआधी, हजार रुपये विलंब शुल्कासह भरले. त्याच महिन्याचे निवृत्तिवेतन मात्र जमा झाले नाही. हयातीचा दाखला पोहोचला नव्हता. विचारले तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, ‘दिला की रे. मीच जाऊन दिला.’

दवाखान्यातून दमून आलो होतो. मी म्हणालो, ‘अप्पा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा सांभाळल्या आणि आता स्वतःची एवढी साधी गोष्ट विसरता? लक्ष कुठे असते तुमचे?’ ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून उपरण्याने पुसत राहिले. तो क्षण मला आजही बोचतो.

जानेवारीत जुनी दिनदर्शिका उतरवताना मी जुलैचे पान पाहिले. ३१ तारखेभोवती एक नव्हे, तीन वर्तुळे होती. शेजारी ‘विवरणपत्र’ हा शब्द वेगवेगळ्या शाईने तीनदा लिहिला होता. पान उलटले तर ऑगस्टच्या पहिल्या चौकटीत थरथरत्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘भरले?’ माझ्या वडिलांचे लक्ष दुसरीकडे नव्हते. आपल्या हातून काहीतरी निसटते आहे हे त्यांना कळत होते आणि ते धरून ठेवण्याची त्यांची धडपड एकट्यानेच चालली होती. तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या मुलाला मात्र घरातले लक्षण दिसले नव्हते.

पैशांच्या व्यवहारातील चुका हे स्मृतिभ्रंशाचे फार लवकर दिसणारे लक्षण असू शकते. २०२० साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील ऐंशी हजारांहून अधिक वृद्धांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले, त्यांच्यात देयकांच्या तारखा चुकण्याचे प्रमाण निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच वाढलेले आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. ओळखीचा रस्ता किंवा नेहमीचा चहा हे सवयीने जमते. विवरणपत्र भरताना मात्र तारीख आठवावी लागते, कागद शोधावे लागतात, आकडे जुळवावे लागतात आणि काम पुरे झाले की नाही हेही लक्षात ठेवावे लागते. मेंदूची इतकी कामे एकत्र लागणारी गोष्ट आधी डळमळते. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे.

याचा अर्थ तारीख विसरणारा प्रत्येक वृद्ध आजारी आहे, असा मुळीच नाही. तारखा मीही विसरतो. माणूस मुळात धांदरट असेल, तर त्याचे विसरणे हा स्वभाव आहे. आयुष्यभर काटेकोर असलेली व्यक्ती एका वर्षात दोन-तीन मुदती चुकवते, तोच प्रश्न पुन्हा विचारते, न केलेले काम केल्याचे ठामपणे सांगते, तेव्हा तो बदल असतो आणि बदल तपासावा लागतो. तपासणीत अनेकदा सुधारण्याजोगे कारण सापडते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत वारंवार दिसते. थायरॉइडचे विकार, रक्तातील सोडियम घटणे, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांनीही स्मरणशक्ती मंदावते. अप्पांचे ब-१२ कमी निघाले आणि इंजेक्शनांनी त्यांना थोडी तरतरी आली. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, असे सांगितल्यावर मात्र त्यांचे काटे चुकले. जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले.

त्यानंतर आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांनाही मी आता त्याच सांगतो.

पहिली गोष्ट, तारखा एकट्या माणसाच्या स्मरणावर सोडू नयेत. निवृत्त व्यक्तीच्या वर्षात त्या मोजक्याच असतात. एप्रिलमध्ये, देय कर शून्य होत असेल तर, बँकेत कर न कापण्याचा अर्ज, जो पूर्वी १५एच म्हणून ओळखला जाई. एरवी ज्येष्ठांच्या व्याजावरील करकपातीची मर्यादा एका बँकेत वर्षाला एक लाख रुपये आहे. ३१ जुलैपर्यंत विवरणपत्र आणि ते भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी; ती राहिली तर भरलेलेही न भरल्यासारखेच. २०२५ साली मुदत वाढून सप्टेंबरात गेली, पण अशा वाढीवर विसंबू नये. हयातीचा दाखला नोव्हेंबरात, आणि ऐंशी पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम कर भरावा लागत नाही. घरात दुकान किंवा अडत चालू असेल तर मात्र १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखाही भिंतीवर हव्यात.

दुसरी गोष्ट गैरसमजाची. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. ती सवलत करातील सूट आहे. नव्या करप्रणालीत उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर कर शून्य आला तरी विवरणपत्र भरावे लागते. कापलेला कर परत हवा असेल तरीही ते भरावेच लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना काही अटींवर यातून सूट आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत येत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर बँकेला घोषणापत्र द्यावे. कर तीच कापते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून करसल्लागारांना एकदा विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट औषधांच्या पावत्यांची. जुनी करप्रणाली निवडलेल्या आणि आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठांना उपचारखर्चाची पन्नास हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण पैसे रोखीने दिलेले नसावेत. स्मृतिभ्रंश किंवा कंपवात अधिक तीव्र असेल तर वेगळी वजावट आहे. तिच्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांचा दाखला लागतो. माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरचा चालत नाही, म्हणून जुलैच्या अखेरीस माझ्याकडे धावत येऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. आजाराच्या सुरुवातीला, माणसाला सारे समजत असतानाच, बँकेचे खाते संयुक्त करणे, वारस नोंदवणे आणि मृत्युपत्र ही कामे त्यांच्या इच्छेने आणि त्यांच्यासमोर करावीत. पुढे समज गेल्यावर दिलेले मुखत्यारपत्रही सामान्यतः उपयोगी पडत नाही. त्याच वेळी त्यांना हेही सांगून ठेवावे की ‘निवृत्तिवेतन बंद होईल’ किंवा ‘कराचा परतावा आला आहे’ असे फोनवर सांगून ओटीपी मागणारा माणूस सरकारचा नसतो.

आणि रागावू नये. त्या वर्षी आमचे पैशांचे नुकसान हजार रुपयांचे झाले. कापलेला करही विवरणपत्रानंतर परत आला. माझ्या बोलण्याने अप्पांचे जे नुकसान झाले, ते कोणत्या मुदतीत भरून द्यायचे हे मला ठाऊक नाही. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता.

आता दिनदर्शिकेवर तारखा मी लिहितो. लाल पेन मात्र त्यांच्या हाती देतो आणि वर्तुळ तेच काढतात. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून हयातीचा दाखला घरीच मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. या ऑक्टोबरात माझ्या मुलीने त्यांच्यासमोर मोबाइल धरला, तेव्हा त्यांनी विचारले, ‘कशासाठी?’ ती म्हणाली, ‘तुम्ही आहात, हे सरकारला कळवायचंय, आजोबा.’ अप्पांनी टोपी नीट केली, ताठ बसले आणि म्हणाले, ‘कळव. आणि तारीख लिहून ठेव.’