देण्याघेण्याच्या साड्या

मावशींनी पहिलं गाठोडं सोडलं, वरची साडी दोन बोटांत चोळून पाहिली आणि बाजूला टाकली. दुसरी चोळली, तीही बाजूला. मी आणलेली अकरा गाठोडी अशी एकामागून एक सुटत गेली. बाजूचा ढीग कमरेएवढा झाला. मांडीजवळ मात्र दोन जुनी लुगडी, एक धोतर आणि चार सुती सदरे, एवढंच आलं. त्यातला एक सदरा उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सेठ, बटनं कुठं गेली?"

बटणं मी काढून घेतली होती. घरी बरणीत ठेवली होती, कधीतरी कामाला येतील म्हणून. दान करायचं आणि बटणं ठेवून घ्यायची, हे तोवर मला खटकलंही नव्हतं.

फुलंब्रीत माझं कापडाचं दुकान आहे. ताक्यावर नुसता हात फिरवून मी सूत किती आणि भेसळ किती ते सांगतो, अशी माझी बढाई असते. म्हणून ही गोष्ट सांगायला जरा जड जातं.

सुरुवात माणुसकीच्या भिंतीपासून झाली. इराणमधल्या मशहद शहरात 2015 च्या हिवाळ्यात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि ज्याला नको त्याने कपडा टांगावा, ज्याला हवा त्याने न्यावा असं लिहिलं. ते लोण आपल्याकडे पसरलं. आम्ही चार मित्रांनीही रस्त्यालगतची एक भिंत रंगवली, खुंट्या ठोकल्या, फोटो काढले. आठवडाभर खुंट्यांवर जागा उरली नाही. न्यायला मात्र कुणी येईना. गावात कुणाचा शर्ट कुठला हे सगळ्यांना पाठ असतं. अमक्याचा शर्ट तमक्याच्या अंगावर दिसला की चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होणार. गरज असलेला माणूस दिवसाउजेडी, चार लोकांदेखत खुंटीला हात घालत नाही. शहरात चालेल ते इथं चालायचं नाही, हे आम्हाला ठोकण्याआधी सुचायला हवं होतं. पुढे वळवाचा पाऊस झाला, कपडे भिजून चिखलात पडले, शेळ्यांनी बाह्या चघळल्या. आम्ही भिंतीकडे बघणं सोडून दिलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. मी दुकानावर फलक लावला आणि तीन दिवसांत टेम्पो भरला. मिळेल ते भरलं. उसवलेली पोलकी, एकेक मोजा, नाडी नसलेल्या सलवारी. धुतलेलं किती होतं हे मी पाहिलं नाही. टेम्पोला हार घातला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "सेठ, इथं जुने कपडे कुणी उतरवू देईना. आधीच ढीग लागलेत. चादरी, ब्लँकेटं, आतले नवे कपडे असतील तर द्या म्हणतात." मी म्हटलं, बघ कुठं जमतंय ते. त्याने ते कुठं उतरवलं हे मी आजवर विचारलेलं नाही.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत असेच जुन्या कपड्यांचे डोंगर पडून राहिले होते आणि ते निवडण्याचं काम 'गूंज' या संस्थेने अंगावर घेतलं होतं. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये ती सुरू केली, 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे आलेला कपडा आधी निवडतात, दुरुस्त करतात. अगदीच फाटक्याच्या गाद्या-गोधड्या होतात, जुन्या सुती कापडाच्या पाळीच्या वेळच्या घड्या होतात. गावातली माणसं मिळून विहीर उपसतात, रस्ता करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. हे सगळं मी वाचलं आणि त्यातलं नेमकं सोपं तेवढं उचललं, ते म्हणजे गोळा करणं. निवडणं, धुणं, शिवणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, असं मी धरून चाललो.

मग गोधड्यांची कल्पना डोक्यात आली. शहरात हाताने शिवलेल्या गोधडीला आता चांगला भाव येतो. कापड फुकटात मिळेल, शिवायला बायका आहेतच, दुकानात विकू, चार पैसे त्यांनाही होतील. वडोद बाजारकडच्या एका मावशींचं नाव कळलं, आणि ऐन ऑक्टोबरात मी अकरा गाठोडी घेऊन त्यांच्या अंगणात उतरलो.

"कापूस येचायचा का गोधडी शिवायची?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. वेचणीला किलोमागे पैसे मिळत होते. गोधड्या उन्हाळ्यात शिवतात, शेतात काम नसताना. मी आयुष्यभर कपाशीच्या मुलखात राहिलो, कापड विकलं, आणि हे मला माहीत नव्हतं. वर मी शिलाईचे दोनशे रुपये सांगितले. त्या रागावल्या नाहीत. बोटं मोजू लागल्या. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, रोज दुपारचे तीन-चार तास, म्हणजे दहा-बारा दिवस. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "दोनशे दोऱ्याचे झाले. हाताचे किती?"

आणि मग तो बाजूला टाकलेला ढीग. मावशींनी एका साडीचा धागा ओढून काडीवर धरला. सुताचा धागा जळून भुरभुरीत राख होतो, हा वितळला आणि काळा मणी होऊन गोळा झाला. ही परीक्षा मी गिऱ्हाइकांना दुकानात करून दाखवतो. "ह्याची गोधडी व्हत नाही. थर सरकतात, घाम शोषत नाही, अन् चुलीची ठिणगी पडली तं कातड्याला चिकटंल." मी ढिगाकडे पाहत होतो. जांभळी, पोपटी, राणी रंगाची. बऱ्याचशा साड्यांची घडीही मोडलेली नव्हती. त्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या.

आमच्या धंद्यात त्यांना देण्याघेण्याच्या साड्या म्हणतात. लग्नात आहेर करायला गठ्ठ्याने न्यायच्या. नेसायला कुणी घेत नाही, घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि मलाही. या आहेरातून त्या आहेरात फिरता फिरता ती साडी शेवटी दानात येते. मी विकलेला माल पाच-सहा वर्षं तालुकाभर हिंडून माझ्याच ओट्यावर परत आला होता, आणि तो मी एका गोधडीवालीच्या अंगणात नेऊन टाकला होता.

खरं जुनं सूत माझ्या घरी होतं. आईची लुगडी. ती गेल्यावर सहा वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या खेपेला ती घेऊन गेलो. मावशींनी एक उलगडलं तर ते घड्यांच्या रेषांवर टरटरत गेलं. एकदाही घडी न बदलता ठेवलेलं सूत तिथेच विरतं. "नेसलं असतं, अंथरलं असतं तं टिकलं असतं," त्या म्हणाल्या. मधल्या चांगल्या भागांचं त्यांनी मे महिन्यात माझ्या नातीसाठी एक दुपटं करून दिलं. त्यांनी सांगितलेली मजुरी घासाघीस न करता दिली, असं लिहायला आवडलं असतं. पण पन्नास रुपये कमी केलेच. सवय.

देण्याघेण्याच्या साड्यांची वाट आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी आधीच शोधून ठेवली होती. मक्यात रानडुकरं शिरतात, म्हणून शेताभोवती काठ्या रोवून साड्या गुंडाळतात. तिथे सुती लुगडं पावसात कुजेल, ही टिकते. एकाने तीस नेल्या, दुसऱ्याने वीस. दोन उन्हाळ्यांत त्यांच्याही चिंध्या होतात आणि धागे बांधावर अडकून राहतात, हेही खरं. शेजारच्या टेलरने काहींच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या. सदऱ्यांच्या विटलेल्या कॉलरी उलटून लावून दिल्या त्याही त्यानेच, पूर्वी लोक हे करून घेत. बटणांची बरणी मी त्याच्याकडे पोचवली.

आता दुकानात जुने कपडे घेतो ते धुतलेले, बटणांसकट, आणि फक्त सुती. धागा समोर जाळून पाहतो. लोकांना राग येतो, येऊ द्या. माळ्यावर अजून नव्वदेक देण्याघेण्याच्या साड्या पडून आहेत. दोर वळायला, पायपुसणी विणायला, कुंपणाला, कशालाही लागत असतील तर घेऊन जा. आहेरासाठी मात्र मागू नका.