पोलादाच्या गावातलं गार घर

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की चार-पाच तासांत दुर्ग येतं आणि लगेच पुढे भिलाई. सोव्हिएत मदतीने उभारलेला पोलाद कारखाना, १९५९ साली सुरू झालेली पहिली झोतभट्टी, एवढंच आपण या गावाबद्दल शाळेत वाचलेलं असतं. फिरायला म्हणून इथे कुणी मुद्दाम येत नाही. पण घर बांधायचा विचार करत असाल, तर एक चक्कर जरूर मारा. शक्यतो मे महिन्यात!

मे महिन्याच्या शेवटी इथे ‘नवतपा’ लागतो. नऊ दिवसांचं कडक ऊन, पारा ४५ अंशांच्या आसपास. अशा दुपारी टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये शिरलात की दुतर्फा जुनी झाडं, क्वार्टरपुढे अंगण, खिडक्यांवर छज्जे. तिथून बाहेर नव्या वसाहतीत गेलात की पश्चिमेकडे मोठ्या काचा, दारात फरशी आणि प्रत्येक खोलीला एसी. फरक सांगावा लागत नाही, अंगाला कळतो.

आसपासच्या खेड्यांत अजून मातीची घरं आहेत. जाड भिंती, वर खापरी कौलं, पुढे सावलीची ‘परछी’, म्हणजे आपली पडवीच. भिंतींवर ‘छुही’ या पांढऱ्या मातीचा हात. जाड भिंत तापायला वेळ घेते, पांढरा रंग ऊन परतवतो. हे सगळं त्या घरांना कुठल्याही ‘ग्रीन होम’च्या जाहिरातीआधीपासून माहीत आहे.

माझी मावशी भिलाईत राहते. काका निवृत्त झाल्यामुळे क्वार्टर सोडावं लागणार, आणि आयुष्यभराची बचत एकाच घरात जाणार. मातीचं घर दर वर्षी लिंपणं या वयात त्यांना झेपणारं नाही. मग त्यांनी गावातच काय मिळतं ते पाहिलं.

भट्टीत लोखंड वितळलं की वर मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. ती पाण्याने झटकन गार केली की वाळूसारखे दाणे होतात. हे दाणे दळून सिमेंटमध्ये मिसळतात. शेजारच्या जामुलमध्ये १९६५ पासून सिमेंट कारखाना आहे. साध्या सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर. तो एक टन बनवताना सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के वाटा स्लॅगचा असू शकतो, तेवढं क्लिंकर वाचतं.

मिस्त्रींची मात्र कुरकुर होती. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश घट्ट होतं, म्हणून सेंटरिंग जास्त दिवस ठेवावं लागतं आणि पाणीही जास्त दिवस मारावं लागतं. मावशी म्हणाली, “भैया, तीस बरस रुके हैं, थोडे दिन और सही.”

विटा घेतल्या राखेच्या. कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघणारी ही राख. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि त्यासाठी शेतातली सुपीक माती खरवडली जात नाही. पण सगळ्या सारख्या नसतात. काकांनी कोरडी वीट वजन करून दिवसभर पाण्यात बुडवली आणि पुन्हा वजन केलं. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं की तो माल नको. स्वयंपाकघरातला काटा त्या आठवड्यात विटांच्याच कामी आला. (मावशीचं यावरचं मत छापण्यासारखं नाही.)

पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी मोठी खिडकी ठेवलीच नाही, तिकडे जिना आणि न्हाणीघर घेतलं. गच्चीवर पांढरा चुना लावणार आहेत, पाइप थेट शोषखड्ड्यात नेणार आहेत. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने सुमारे ९३,००० लिटर पाणी होतं. सगळं हाती लागणार नाही, पण निम्मं मुरलं तरी पुष्कळ.

वाद झाला तो फक्त कडुनिंबावरून. प्लॉटच्या कोपऱ्यातलं झाड नकाशात गाडीच्या जागी येत होतं. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी काकांनीच नकाशा पुन्हा काढून आणला आणि फाटक चार फूट सरकवलं. सध्या स्लॅबवर पाण्याची आळी बांधली आहेत. सकाळचं पाणी मावशी भरते, संध्याकाळचं काका, आणि मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत त्याच कडुनिंबाखाली आडवे होतात.